सतरा नंबर आणि किल्लेदारीण

३ मार्च, सोमवार

बाण! आता पडद्यावर हिरवा बाण दाखवणार म्हणे. इकडे जा, याला मार, शाब्बास. डोकं नावाची वस्तू घरी विसरून आलात तरी चालेल. मग खेळायचं तरी कशाला? बाणाकडे बघत बसा आणि बिस्किटं खा.

कल्पना पिसाऱ्याची. मोठ्या कंपनीनं आम्हाला गिळलं तेव्हा हा वरून आला, मुख्य म्हणून. पिसारा हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात — खोलीत शिरला की आधी दोन्ही हात पसरतो, बोलतो मग. आज हात पसरून म्हणाला की लोकांना हरायला आवडत नाही. अरे शहाण्या, हरताच येत नसेल तर जिंकल्याचं सुख कुठून आणणार? हे मी बोलले नाही. दाताखाली जीभ धरून बसले आणि घरी येऊन इथे लिहितेय. या वहीचा उपयोग तेवढाच.

पहिला 'बुरुज', आमचा कॉम्प्युटरवरचा खेळ, आम्ही एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत केला. चौकटींची जमीन. आपली सहा माणसं — ढालवाला, दोन तिरंदाज, वैदीण, जादूगार आणि एक चोर. समोर राक्षस, भुतं, भाडोत्री सैनिक. आधी आपल्या सगळ्यांनी चालायचं, मग समोरच्यांनी. ती झाली एक फेरी. कुणी धावत अंगावर येत नाही. विचार करा, चाल करा, चुकलात तर भोगा. मेलेलं माणूस मेलं, परत येत नाही. एवढ्यावर लोकांनी तो खेळ आठ वर्षं खेळला. आता दुसरा भाग येतोय आणि त्याचं नाव 'बुरुज २ : अग्निपर्व'. आग कुठेच नाही त्यात. नकाशे मी काढलेत, मला माहीत असायला नको?

४ मार्च, मंगळवार

पिसाऱ्यानं विचारलं, बुरुज गोल का आहे, चौकोनी का नाही. कपाळ माझं.

६ मार्च, गुरुवार

आज दोन नवे हुकूम. एक — 'चाल मागे घ्या' असं बटण. गोट्या खेळताना पोरं 'हे नव्हतं, हे नव्हतं' म्हणतात ना, तसलं. दुसरा — प्रत्येक फेरीला दोन मिनिटांची मर्यादा. दोन मिनिटांत काहीच दाबलं नाही तर लढाई रद्द, हरलात. अख्खी फेरी जागेवरच राहायचं तरी 'थांबा' दाबायचं. का? तर वेग हवा. विचार करून खेळायचा खेळ, आणि विचार करायलाच बंदी! पी हळद नि हो गोरी.

मौनीनं दोन्ही गोष्टी निमूट करून दिल्या. मौनी म्हणजे आमची प्रोग्रामर, पहिल्या भागापासूनची. दिवसाला चार वाक्यं बोलते, त्यातली दोन कॉम्प्युटरशी. मी तिला म्हटलं, तू कधी नाही म्हणून बघत का नाहीस? तर म्हणाली, नाही म्हटलं की मिटिंगला बसावं लागतं. हे मात्र पटलं.

बाहेरच्या चाचणीवाल्यांना नवी आवृत्ती गेली. चोवीस माणसं आहेत. आपापल्या घरी बसून खेळतात आणि अहवाल पाठवतात. आम्हाला फक्त नंबर दिसतात. नावं पिसाऱ्याच्या कुलपात — ओळखीपाळखी नकोत म्हणून. तेवीस जण 'छान', 'मजा आली', 'रंग आवडले' असलं काहीतरी खरडतात. रंग आवडले! बैठकीची खोली रंगवून दिलीय का मी तुम्हाला?

उरला नंबर सतरा. याचे अहवाल मी जपून ठेवलेत. 'ढालवाला मंद. पूल उगाच. तिसऱ्या नकाशात शत्रू मठ्ठ.' बस्स. लोणी नाही, साखर नाही. पूल खरंच उगाच होता. कुणाला न सांगता काढून टाकला मी. हा नक्की कुणीतरी निवृत्त खडूस असणार. हातात वेळच वेळ, आणि घरात ऐकून घेणारं कुणी नाही.

१० मार्च, सोमवार

शेवटचा नकाशा आज बाहेर गेला. हा माझा. बाकीचे अकरा पिसाऱ्यानं, त्याच्या वरच्या साहेबानं, साहेबाच्या बायकोनं — सगळ्यांनी चिवडलेत. याला मी कुणाचा हात लागू दिला नाही.

उंच गोल बुरुज. वर जायला एकच जिना. आणि वर किल्लेदारीण. पहिल्या भागातलीच ती, आठ वर्षांनी आणखी तिरसट झालेली. जिन्यावर पाऊल टाकलं की वरून एकेकाला टिपते. पहिल्या भागात बुरुजाला मागचा दरवाजा होता, बहुतेक लोक तिथूनच घुसायचे. या वेळी तो दरवाजा मी बुजवून टाकला. मार्ग आहे, नाही असं नाही. जादूगाराचं धुकं, चोर कडेकडेनं, आणि तीन-चार माणसांच्या जिवाची तयारी. मी स्वतः एकदा जिंकलेय, एकवीस फेऱ्यांत. वर ढालवाला आणि चोर तेवढे उरले होते, दोघंही अर्धमेले. इतकं बरं वाटलं होतं की डब्यातली पोळी गार झाली तरी कळलं नाही.

१२ मार्च, बुधवार

चोवीसपैकी एकही जिंकला नाही. एकानं लिहिलं, 'बाई फार रागीट आहे.' हो ना, तुझी मावशी असायला हवी होती.

पिसाऱ्यानं सगळ्यांसमोर हात पसरले. म्हणाला, शुक्रवार एकवीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत एकानं जरी बाण न बघता आणि चाल मागे न घेता हा बुरुज जिंकला, तर नकाशा आहे तसा ठेवू. नाहीतर किल्लेदारणीला खाली अंगणात आणून उभी करायची, तीन वारांत मरेल अशी. सगळे माना डोलावत होते. जिच्यासाठी अकरा नकाशे ओलांडायचे ती अंगणात! जाता येता कुणीही टपली मारून जावं!

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. त्याला सगळंच थोडं घासलं की नीट होईल असं वाटतं. शांतपणे म्हणाला, "ताईंना विचार ना एकदा."

मी भांडी घासायला घेतली. स्वच्छ होती ती, तरी घेतली.

१३ मार्च, गुरुवार

ताईला विचार! कालपासून हेच डोक्यात. वहीत तिच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता लिहूनच टाकते.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पहिल्या भागाचे नकाशे माझे आणि नियम तिचे. कोण किती घरं चालणार, ढाल कधी मोडणार, भित्रा राक्षस कधी पळ काढणार — सगळं तिनं एका जाड रजिस्टरात निळ्या शाईनं लिहिलेलं. हुशार आहे, नाही कशाला म्हणू? पण खेळ बाहेर पडायला तीन महिने उरले आणि बाईसाहेब उठून गेल्या. आईला बघायचं म्हणून. आई आजारी होती, मान्य. पण नर्स ठेवता आली असती. मी नाही बसले नकाशांपाशी एकटी, दिवसचे दिवस?

शेवटी खेळ कुणी केला त्या नावांची यादी टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. 'नकाशे आणि नियम' यापुढे मी माझं नाव घातलं. तिचं खाली, 'विशेष आभार'मध्ये, बेकरीवाल्याच्या शेजारी. अर्ध्यात सोडून जाणाऱ्याला आणखी काय द्यायचं असतं?

तिनं पाहिलं. आई गेल्यावर पंधरा दिवसांनी एवढंच म्हणाली, "यादी बघितली. मी काही विचारायला येणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू ये." भांडली असती तर परवडलं असतं. असलं थंड बोलणं! मग मीही गेले नाही. सोडून ती गेली होती, परत तिनं यायचं. चाल तिची आहे. आठ वर्षं झाली, मी थांबलेय.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तिच्याबद्दल म्हणतेय मी.

१७ मार्च, सोमवार

दहा जणांनी शेवटचा नकाशा सोडून दिला. बाकीचे बाण लावून खेळले आणि बाणानं त्यांना सरळ जिन्यात नेऊन मारलं. उंटावरचा शहाणा तो बाण.

सतरा नंबरनं बाणाला हात लावला नाही. चार वेळा हरला. अहवाल — 'जिना वाईट. बाई त्याहून वाईट. पुन्हा बघायला हवं.'

​किती दिवसांनी कुणी माझं कौतुक केलं! तीन वेळा वाचलं मी.

गंमत अशी की, हा बुरुज मी बांधला तो कुणी जिंकू नये म्हणून. आणि आता मीच देव पाण्यात घालून बसलेय की या खडूसानं तो जिंकावा.

१८ मार्च, मंगळवार

अंगणातल्या किल्लेदारणीचं चित्र पिसाऱ्यानं काढून घेतलंसुद्धा. चित्रात ती हसतेय. माझी किल्लेदारीण!

२० मार्च, गुरुवार

सतरा नंबर तीन दिवस गप्प. सोडला असणार त्यानंही. मौनीला विचारलं, काही आलं का? तिनं मान हलवली. तासाभरानं पुन्हा विचारलं, तर तिनं खुर्चीच भिंतीकडे वळवून घेतली.

उद्या पाच वाजता संपलं. एक नकाशा गेला तर काय आभाळ कोसळतं, असं मी दिवसभर स्वतःला सांगितलं. काही उपयोग झाला नाही. या अख्ख्या खेळात तेवढी एकच जागा आहे जी बघून मला माझी वाटते, आणि ती गेली तर तिथे रोज काम करायला जायचं बळ माझ्यात उरणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

जिंकला! पावणेचारला अहवाल आला. जसाच्या तसा उतरवते —

'सहा फेऱ्या नुसतं थांबा दाबलं. कुणालाच हलवलं नाही. सातव्या फेरीला बाई स्वतःच जिना उतरून खाली आली. पुढे सोपं. एकही माणूस मेलं नाही.'

आधी मला वाटलं, खेळात दोष आहे. किल्लेदारीण खाली येते? ती कशी येईल? मीच बांधलंय ना सगळं! मौनीकडे धावले. तिनं दहा मिनिटं उकरलं आणि म्हणाली, दोष नाही, नियम आहे. पहिल्या भागाचे नियम तिनं दुसऱ्यात जसेच्या तसे उचलले होते, कारण बदला असं कुणी सांगितलंच नाही. मग कपाटाच्या तळातून तिनं ते जाड रजिस्टर काढलं. निळी शाई. ताईचं अक्षर, प्रत्येक ओळ पट्टी ठेवून लिहिल्यासारखी.

'सहा फेऱ्या कोणीच हललं नाही, तर किल्लेदारणीला राहवत नाही. ती आपणहून बाहेर येते. चिडलेली असते.'

आठ वर्षं हा नियम खेळात पडून होता आणि मला पत्ता नाही. मलाच काय, कुणालाच नाही. पहिल्या भागात मागचा दरवाजा होता, तेव्हा बुरुजासमोर सहा फेऱ्या हातावर हात धरून बसायची वेळ कुणावर येणार?

पिसारा आला, अहवाल वाचला, हात पसरले. बघा, म्हणाला, माझ्या दोन मिनिटांच्या मर्यादेमुळेच हे शक्य झालं. कसं, ते त्यालाही सांगता येईना. आयत्या बिळावर नागोबा! पण शब्द पाळला त्यानं. नकाशा राहिला. मौनीनं आज पाचवं वाक्य उच्चारलं. "अभिनंदन," म्हणाली.

मला मात्र आनंद झालाच नाही. ती ओळ डोळ्यांसमोरून जात नाही.

२२ मार्च, शनिवार

कळलं. भाजी चिरताना कळलं.

लहानपणी आम्ही लपाछपी खेळायचो. मी लपायची एकदम पक्की. कपाटाच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली, सापडायचीच नाही. आणि ताई मला शोधायचीच नाही! भोज्ज्यापाशी, जिन्याच्या पायरीवर बसून राहायची, हाताची घडी घालून. थोड्या वेळानं मलाच राहवायचं नाही. पाय आपटत बाहेर यायची — मला कुणी शोधत का नाही? ती हसायची आणि म्हणायची, "सापडलीस." दर वेळी. सहाव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत मी एकदाही जिंकले नाही.

किल्लेदारीण म्हणजे मी. तिनं मलाच घातलंय त्या बुरुजात, निळ्या शाईनं. 'चिडलेली असते'! आठ वर्षं मी स्वतःचाच नकाशा काढत बसले होते आणि दरवाजेही स्वतःच बुजवत होते.

मग पुढचं सरळ आहे. सहा फेऱ्या थांबायचं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, जिनं लिहिलं तिला. सतरा नंबर म्हणजे ताई!

सगळे जुने अहवाल काढून वाचले. 'शत्रू मठ्ठ.' ही तिचीच भाषा. 'पूल उगाच.' तिचीच. निवृत्त खडूस म्हणे! कुठे होती माझी अक्कल? आधी संताप आला. नंबराच्या आड लपून माझ्या चुका काढत होती काय? मी लपायचे ते निदान समोरच्या कपाटामागे. हिनं तर चोवीस लोकांची रांग लावली मध्ये! नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, नक्की त्याच असतील कशावरून? याला काचेपलीकडचं काही दिसत नाही.

मग संताप ओसरला. तिनं थांबून थांबून शेवटी माझा नकाशा वाचवला. ऐन वेळी, पाच वाजायच्या आत. म्हणजे तिची चाल झाली. आता माझी. नियम म्हणजे नियम. इतकी वर्षं मी तोंड वर करून सांगितलं की चाल तिची आहे, आता मागे हटले तर मी कसली?

उद्या जाते.

२३ मार्च, रविवार

गेले. बसमध्ये दोनदा उतरून परतावं असं वाटलं. एकदा उतरलेही, पुढची बस पकडली. तिसरा मजला. दारावरची घंटा तीच, कर्कश.

भावोजींनी दार उघडलं. मी कोपऱ्यावरून पाव आणायला गेले होते आणि आता आले, इतक्या सहजपणे आत वळून म्हणाले, "अगं, आली बघ." ताई खिडकीपाशी बसून त्यांच्या शर्टाला बटण लावत होती. केस पांढरे झालेत, सगळेच. हे पांढरे होताना मी पाहिलेच नाहीत. तिनं दोरा दातानं तोडला, सुई उशीला टोचली आणि मग वर बघितलं.

मी काय काय ठरवून गेले होते! तोंडातून निघालं ते असं —

"यादी मी चुकीची टाइप केली होती, ताई."

"चुकीची नव्हती केलीस. मुद्दाम केली होतीस."

"हो."

ती चहा ठेवायला गेली. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. गॅसकडे बघतच ती म्हणाली, "यादीचं मला एवढं नव्हतं गं. नर्स ठेव म्हणालीस ना, ते तू आईच्या समोर म्हणाली होतीस. ती झोपलेली नव्हती."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे म्हणाले होते ते माहीत होतं. आई जागी होती ते नव्हतं. तिथेच रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, लाज न बाळगता. 'नर्स ठेवता आली असती' हे याच महिन्यात, याच वहीत मी पुन्हा लिहिलंय. मागे जाऊन पान फाडावंसं वाटलं, पण नको. राहू दे. केलंय ते दिसू दे.

ताईनं पदर वगैरे काही दिला नाही, भांडी पुसायचं फडकं दिलं. त्याला कांद्याचा वास होता. मग दोघी हसलो.

चहात साखर अर्धाच चमचा घातली तिनं. न विचारता. रजिस्टरातल्या त्या पानाचा फोटो दाखवला तिला. म्हटलं, हे माझ्यावरून लिहिलंस ना? "मग काय ह्यांच्यावरून?" ती म्हणाली. भावोजी तोपर्यंत खुर्चीत झोपले होते, तोंड उघडं टाकून.

सतरा नंबरबद्दल मी मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, स्वभावच तो तिचा. पण कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर होता, वर कापड घातलेलं, आणि शेजारी माऊस. नवा कोरा माऊस! दोन म्हाताऱ्या माणसांना नवा माऊस कशाला लागतो? मी त्याच्याकडे इतकं बघत होते की तिनं विचारलं, काय झालं गं? काही नाही म्हटलं. तिला तेवढं लपू दे. मी आयुष्यभर लपले, एकदा तिची हौस होऊन जाऊ दे.

निघताना म्हणाली, पुढच्या रविवारी जेवायलाच ये, आणि त्यांनाही आण. हो म्हणाले.

२४ मार्च, सोमवार

दुसऱ्या भागाची नावांची यादीही माझ्याकडेच आली. पहिली ओळ टाइप केली — 'नियम', आणि पुढे ताईचं पूर्ण नाव. खाली 'नकाशे', आणि माझं. पिसारा म्हणाला की त्या आता कंपनीत नाहीत, आभारात घातलं तर नाही का चालणार? मी दोन्ही हात पसरले. म्हटलं, नाही.

चोवीस चाचणीवाल्यांना मौनीनं पत्र पाठवलंय. यादीसाठी खरं नाव कळवा, आणि तुमची एखादी आठवण दोन ओळींत. सतरा नंबर काय उत्तर देते ते बघायचंय मला. आता तरी पुढे यावंच लागेल बाईसाहेबांना.

२५ मार्च, मंगळवार

सतरा नंबरचं उत्तर आलं. लिफ्ट दुरुस्त करायचा, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाला. बायको नाही, मुलगी परगावी. आठवण अशी : 'शेवटच्या बुरुजाच्या वेळी संत्रं खात होतो. हात चिकट. काही दाबलं नाही तर दोन मिनिटांत हरवतात, म्हणून एक फोड खाल्ली की करंगळीनं एकदा थांबा दाबायचो. सहा फोडी झाल्या तोवर बाई खाली आली होती.'

पिसाऱ्याच्या दोन मिनिटांमुळेच झालं की! हे मात्र मी मेले तरी त्याला सांगणार नाही.

ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. माऊससकट. माऊस भावोजींचा, ते पत्ते खेळतात. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हणजे मी काही चाल केलीच नव्हती. तू आपणहून आलीस."

हो म्हटलं.